रशीदची गाडी कोणाला ओ देते

रशीद, तुला मातीत ठेवून आलो त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाची गोष्ट. मी दुकान उघडलं होतं. उघडावंच लागतं. लोकांच्या ब्रेकच्या तारा कोणाच्या मरणासाठी तुटायच्या थांबत नाहीत. तुझा अलार्म बसवायचा ठेला ताडपत्रीखाली बांधलेला होता आणि तुझी काळी मोटरसायकल माझ्या दुकानाशेजारच्या शेडच्या खांबाला लागून, तू लावून गेलास तशी, हँडल डावीकडे वळवून उभी होती. दुपार कलली होती. जिनिंगकडे जाणारी कापसाच्या गाड्यांची रांग पुढे सरकून गेली होती. रस्त्यावर, तारांवर, तुझ्या सीटवर कापसाचे पुंजके अडकलेले होते. मागे ती पांढरी शांतता उरली होती, जी तुला कधी सोसली नाही. लगेच तू कोणाचा तरी सायरन वाजवून पाहायचास.

आणि गाडी वाजली. दोनदा. दोन्ही बाजूंचे इंडिकेटर पेटले आणि विझले.

एकदा वाजली की लॉक लागलं, दोनदा वाजली की उघडलं. हे मला तूच शिकवलंस. म्हणजे कोणीतरी तुझी गाडी उघडली होती. मी बाहेर आले. गाडीजवळ कोणी नव्हतं. स्टँडवरचं ते खरजुलं कुत्रं तेवढं उठलं, अंग झाडलं आणि खांबाजवळ जाऊन बसलं. तू घरी निघताना त्याला टोस्ट टाकायचास, तेव्हा बसायचं तसंच. मान वर करून, सीटच्या वरच्या रिकाम्या जागेकडे पाहत. थोड्या वेळाने गाडी एकदा वाजली. कोणी हात लावला नाही तर ती आपणच पुन्हा लॉक होते, हेही तूच शिकवलेलं. कुत्रं मात्र उठलं नाही.

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशीही.

तुझा रिमोट घरी तुझ्या बायकोकडे, शबानाकडे होता. दवाखान्यातून तुझं घड्याळ, चष्मा आणि तो, असं एका पिशवीत मिळालं होतं. मी निरोप पाठवून खात्री केली. कपाटात आहे, कोणी हात लावलेला नाही, असं उत्तर आलं. मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही, तुला माहीत आहे. तरी त्या आठवड्यात एकदा मी गाडीकडे पाठ करून उभी असताना ती वाजली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "काय रे?"

तू ओ दिली असतीस तर काय करणार होते, कोण जाणे.

तू माझ्या दुकानासमोर आलास तेव्हा या गावात गाडीला अलार्म बसवणं म्हणजे श्रीमंती चाळा होता. मग घरोघरी मोटरसायकली आल्या. कोणाला लग्नात, कोणाला हप्त्यावर. पाठोपाठ चोरीही आली. कापसाला भाव नाही, पण गाडीला सायरन पाहिजे. तू अमरावतीहून डबे आणायचास, सीटखाली बसवायचास आणि गिऱ्हाइकाच्या हातात छोटासा रिमोट ठेवून चार गोष्टी सांगायचास. त्यांतली एकही तो लक्षात ठेवायचा नाही. चौथ्या दिवशी गाडी ढकलत हजर. रिमोट धुण्यात गेला. रिमोट सासुरवाडीला राहिला. कोड विसरला. विसरू नये म्हणून गाडीच्या नंबर प्लेटचाच आकडा कोड म्हणून दिला, असं सांगणारेही यायचे, आणि वर हसायचे.

"म्हंजे चोरानं पाटी वाचावी अन् गाडी न्यावी," तू त्यांना म्हणायचास. "त्याले च्या पन पाजता का जाताना?"

वेचणीच्या दिवसांत एक जण आला होता. रिमोट कापसाच्या बोऱ्यात पडला आणि कापूस जिनिंगला जाऊन पोचला. तू गंभीर चेहऱ्याने त्याला म्हणालास, "आता काई शोधू नोका भाऊ. गठानीत गेला तो. उद्या कोनाच्या शर्टात शिवल्या जाईन. तो शर्ट घालून हात वर करन अन् तुमची गाडी इथं वाजन." तो माणूस खरंच विचारात पडला. मी आत काउंटरमागे तोंडाला पदर लावला होता.

मग दुसऱ्या तऱ्हेच्या गाड्या यायला लागल्या. ढकलत आणलेली गाडी लांबूनच ओळखू यायची. विसरभोळं गिऱ्हाईक गाडी ढकलताना शिव्या देतं, घाम पुसतं. ही माणसं काही बोलायची नाहीत. पुढे भाऊ किंवा चुलता, मागे एखादं म्हातारं माणूस, आणि मधेमधे सायरनने विव्हळणारी गाडी. जो गेला तो कोड सांगून गेलेला नसायचा. रिमोट कधी त्याच्या शर्टाच्या खिशात सापडायचा, कधी विहिरीच्या काठावर. कशाने गेला ते आपण विचारत नव्हतो. या वर्षांत या भागात ते कोणीच विचारत नाही. तू सायरनची तार काढायचास, पाणी द्यायचास आणि कामाला लागायचास. जुना रिमोट गाडीच्या आठवणीतून पुसायचा, नवा ओळखीचा करायचा. पुसला की जुन्याने गाडी उघडत नाही. जुना रिमोट तू घरच्यांच्या हातावर ठेवायचास. काही जण न्यायचे, काही तसेच ठेवून जायचे. ठेवलेले तू बिस्किटाच्या डब्यात टाकायचास.

त्या डब्यावरून आपलं भांडण कायमचं होतं.

"फेक ते," मी म्हणायचे. "मेलेल्या मानसांचे रिमोट जमा करून राहिला, काय म्युझियम काढतं?"

"ताई, मानसाच्या हाताची चीज हाय. कचऱ्यात कशी टाकू?"

"अन् सगळे पुसले ना? नीट पुसत जा. एखादा राहिला त गाडी उघडी राहीन कोनालेही."

"गाडीले काय माईत, मानूस मेला का जिता. ओळखीचा हात दिसला का ओ देते बिचारी."

"म्हनूनच त पुसाचं."

"हाव ताई," तू म्हणायचास, आणि मला बरोबर कळायचं की तुला पटलेलं नाही. माझं म्हणणं आजही तेच आहे. ज्या चावीला धनी नाही तिने कुलूप उघडता कामा नये. तू गेलास म्हणून मी मत बदलणार नाही. पण पुढे जे कळलं त्यानंतर तू काय उत्तर दिलं असतंस ते ऐकायला मला आवडलं असतं. भांडण अर्धं ठेवून जाणं हे काही बरोबर नाही.

असो. तर गाडी बोलत राहिली आणि गाव ऐकायला यायला लागलं. अंजनगावची बस लागायच्या थोडं आधी चहावाल्याच्या बाकावर चार-दोन माणसं बसायची, चहा न घेता. गाडी वाजली की कोणी हात जोडायचा, कोणी "या अल्ला" म्हणायचा. एका बाईने खांबाशी नारळ फोडला. मी तिला तो उचलायला लावला. तुझ्या शेडखाली गाडी लावायची लोकांनी बंद केली. मुद्दाम पलीकडे उन्हात लावायचे आणि रस्ता ओलांडून माझ्याकडे स्पार्क प्लग घ्यायला यायचे. मी चिडले. खरं सांगायचं तर मीही त्या वेळी दुकानाच्या आतल्या बाजूला काही ना काही काम काढायला लागले होते.

यात अडकली होती तुझी सना.

तिला उपकेंद्रात नर्सची जागा मिळाल्याचं पत्र तू होतास तेव्हाच आलं होतं. तूच पेढे वाटले होतेस, माझ्या दुकानातल्या गिऱ्हाइकांनाही. उपकेंद्राचं गाव आडरस्त्याला. एसटी सकाळी एकच, तीही उशिरा. दिवस भरलेल्या बाया आणि तापाने फणफणलेली लेकरं बसची वाट पाहत थांबत नाहीत. म्हणून तूच म्हणाला होतास की पोरगी माझी गाडी नेईल, मी सायकलने येईन ठेल्यावर. बाजार समितीमागच्या मैदानात तूच तिला गाडी शिकवलीस. तू गेलास आणि रुजू व्हायची तारीख तशीच जवळ येत राहिली. त्या तारखेला ती गेली नाही, तर जागा दुसरीला जाणार होती. घरात दुसरं कमावणारं कोणी नाही, हे सांगायला नको.

सना गाडी न्यायला आली होती, रशीद. तुझा रिमोट हातात घेऊन. अमरावतीच्या वसतिगृहात राहून शिकलेली, फटकळ पोरगी. सीटवरचा कापूस तिने हाताने झाडला, एक पाय टाकायला उचलला, आणि तिने बटण दाबायच्या आधीच गाडी दोनदा वाजली. तिच्या मांडीखाली इंडिकेटर पेटले. ती तशीच मागे सरली. चेहरा चुन्यासारखा.

"मावशी, मी नाही दाबलं," ती म्हणाली. "मी नाही हात लावत हिला."

मी तिच्या घरी गेले. शबाना नवरा गेल्यानंतरच्या इद्दतीत, बाहेर पडत नाही. आतल्या खोलीत जमिनीवर बसली होती. लोकांनी तिच्यापर्यंत सगळं पोचवलं होतं, मीठमसाला लावून.

"ताई, गाडी बोलती है ना?" तिने आधी तेच विचारलं.

"बोलते."

"मंग? रिमोट माह्या कपाटात. मैंने तो दबाया नहीं."

"म्हनूनच सांगून राहिली शबाना. दुसरा रिमोट कोनाच्या तरी हातात हाय."

"उनकेच हातात असन."

"अम्मी," सना भिंतीला टेकून म्हणाली, "कबर में से रिमोट नहीं चलता."

"तुले काय माईत? तू गेल्ती का पाह्याले?" शबाना तिच्यावर खेकसली. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाली, "जब तक बोलती है, गाडीले कोनी हात लावाचा नाई. चालीसवा होने दो. सालभर होने दो. वो आते रहेंगे तो मैं कैसे दूँ किसीको?"

"अन् पोरीची नोकरी?"

शबानाने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. सना मला दारापर्यंत पोचवायला आली. दारातून निघताना मला वाटलं, बॅटरीची तार काढून टाकावी, विषय संपेल. मग वाटलं, संपणार नाही. गाडी गप्प झाली तर शबाना म्हणेल, तुम्ही त्याला हाकलून दिलं. शिवाय तुझी गाडी उघडणारा रिमोट गावात कोणाच्या तरी हातात फिरतो आहे आणि तो कोणाचा ते मला माहीत नाही, हे माझ्याने सहन होण्यासारखं नव्हतं. ते तुला चाललं असतं. मला नाही.

उत्तर मिळालं ते बंदमुळे. कापसाच्या भावासाठी रास्ता रोको झाला, स्टँड ओस पडला, एसट्या डेपोतून हलल्या नाहीत. दुकानं अर्ध्या शटरवर होती. गावातली रिकामी माणसं नेहमीसारखी बाकावर जमली. दुपार कलली, उन्हं खांबावर चढली. कुत्रं आपणहून येऊन बसलं.

गाडी वाजली नाही.

अंधार पडेपर्यंत वाजली नाही. लोक हळहळत उठले. एक जण म्हणाला, "आज रशीदभाईनंबी बंद पाळला." मी मात्र त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले. तुझ्या भुताला एसटी कशाला लागते? बटण दाबणारं माणूस बाहेरगावाहून बसने येत होतं आणि बसनेच जात होतं. एवढं कळलं की पुढचं सोपं. रिमोटचा पल्ला काही मैलभर नसतो. मला फक्त समोरच्या फुटपाथवर अंजनगावच्या बससाठी कोण थांबतं ते पाहायचं होतं.

दुसऱ्या दिवशी बस सुरू झाल्या. मी दाराशी जुनी चेन रॉकेलमध्ये घासत बसले. समोर चार-पाच जण होते. एक मास्तर, दोन पोरी, शेवंतीच्या रिकाम्या टोपलीशेजारी उकिडवी बसलेली गिरजाबाई. गिरजाबाईकडे मी आधी पाहिलंही नाही. ती रोजचीच, अंजनगाव रस्त्यावरच्या खेड्यातली माळीण, फुलं आणि दोन-चार जुड्या मेथी विकून दुपारी परत जाणारी. मी मास्तरावर नजर ठेवून होते. मास्तर नाक खाजवत होता. तेवढ्यात बाजूला शेडखाली गाडी वाजली, आणि समोर गिरजाबाईचा हात लुगड्याला खोचलेल्या चंचीतून बाहेर आला. तिचे ओठ हलत होते. तुझ्या गाडीशी बोलत असल्यासारखे.

मी रस्ता ओलांडला.

"गिरजाबाई, चंचीत काय हाय?"

"सुपारी."

"दाखवा."

तिने दाखवला. काळ्या दोऱ्यात ओवलेला रिमोट. बटणाचा रंग अंगठ्याने घासून गेलेला.

"हे माह्या सुधाकरचं हाय," ती म्हणाली. तेव्हा मला आठवलं. तिच्या गेलेल्या धाकट्या मुलाची लाल गाडी. मोठ्या भावाने ढकलत आणली होती. मागे ही होती, तेव्हा चेहऱ्याने एवढी म्हातारी नव्हती. ठेल्याशेजारी बसून तिने तुला विचारलं होतं, पुसल्यावर हे दाबलं तर वाजणार नाही का. तू नाही म्हणालास. गाडी पुढे भावाने विकून टाकली.

"मंग सुधाकरच्या रिमोटनं रशीदची गाडी कावून वाजते?"

"रशीदनंच लावली ना. मी इथं बसून दाबत राहो. मले माईत होतं, गाडी गेली, वाजनार नाई. पन हाताले सवय लागल्ती. तो तिकून पाहे. एक रोज आला अन् म्हने, माय, दे इकडं, सेल बदलून देतो. दुसऱ्या रोजी दाबलं त वाजली."

मी शेडकडे पाहिलं. तुझी गाडी रोज त्याच खांबाला का लागायची, पावसाळ्यात पागोळ्या अंगावर पडत असूनही, ते मला त्या क्षणी कळलं. तिथून ती या फुटपाथच्या पल्ल्यात येते. तुझ्या ठेल्यावर दिवसभर दहा गाड्या वाजायच्या. त्यांत ही एक कोणाच्या कानाला वेगळी लागणार होती?

"तुमाले वाटलं का, सुधाकरची गाडी परत आली?" मी विचारलं.

गिरजाबाईने माझ्याकडे असं पाहिलं की मीच खुळी.

"लाल गाडी होती त्याची. हे काळी. मी काय आंधळी हावो?"

"मंग रशीदले म्हटलं कावून नाई?"

"कायले म्हनू? वाजली का तो हातातलं काम सोडून इकडं पाहे. असा हासे का लेकराच्या तोंडात घास गेला. मले वाटे, दाबत जावं. त्याच्या जिवाले बरं वाटते, आपलं काय जाते?"

रशीद, तू तिच्यासाठी करत होतास आणि ती तुझ्यासाठी. आणि दोघांनी मला एका शब्दाने सांगितलं नाही, कारण मी काय म्हणाले असते ते दोघांनाही ठाऊक होतं.

"अन् तो गेल्यावर?"

"त्या रोजी मले माईत नोतं. दाबलं, वाजली, पन कोनी पाह्यलं नाई. मंग समजलं. दुसऱ्या रोजी म्हटलं, पाहू, आता वाजते का नाई. त वाजली." तिने रिमोट पुन्हा चंचीत टाकला. "मंग बंद कसं करू बाई? आता दोघाईचं झालं."

बस आली. ती टोपली उचलून उठली आणि जाता जाता सहज बोलावं तसं म्हणाली, "एक सांगू? कवा कवा मी दाबाच्या आंदीच वाजते."

बटण झिजलंय, चंचीत दाबलं जात असेल, असं मी तिला सांगितलं. तसंच असणार. दुसरं काय असणार? फक्त सना गाडीवर पाय टाकत होती तेव्हा गिरजाबाई फुटपाथवर होती की नव्हती, हे मी तिला विचारलं नाही. अजून विचारलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी फुलं विकून झाल्यावर मी तिला तुझ्या घरी घेऊन गेले. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून तिने मेथीची जुडी मागे ठेवली होती. शबानासमोर बसून तिने रिमोट जमिनीवर ठेवला.

"मीच दाबत होती वो माय. तो नोता."

शबाना त्या रिमोटकडे पाहत राहिली. मला वाटलं, आता रडेल नाहीतर आम्हाला बाहेर काढेल. तिने तो उचलला, उलटा केला, सुलटा केला, झिजलेल्या बटणावर अंगठा ठेवला आणि दाबला नाही.

"मुझे तो कभी नहीं बोले," ती म्हणाली. "घरात मीठ संपलं हे सांगून सांगून माहं तोंड दुखे, तरी विसरून येत. अन् हे बरोबर ध्यानात राहे. रोज." मग तिने रिमोट मुठीत धरला. "रोज म्हनत, आज बस उशिरा आली. मले वाटे, बसचं याईले काय पडलं."

मग तिने सनाला हाक मारली. "जा. गाडी घेऊन ये अब्बूची."

पण मी अशी गाडी देणार नव्हते. एका परक्या रिमोटने उघडणारी गाडी आडरस्त्याला एकटीदुकटी पोरगी नेणार? आधी पुसायचं, मग न्यायचं. गिरजाबाईला मी तसं स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, "पुसा. पोरीचं काम मोठं."

पुसायला तुझा कोड लागणार होता आणि तो तू कोणालाच सांगितला नव्हतास. सना आणि मी शेडखाली बसलो. तिने तिची जन्मतारीख टाकली. सायरन बोंबलला. शबानाची टाकली, घराचा नंबर टाकला, ठेला सुरू केलास ते साल टाकलं. दर वेळी सायरन, दर वेळी कुत्रं दोन पावलं मागे. शेवटी मी वैतागून कंपनीतून डबा येतो तेव्हा त्यात असतात ती चार शून्यं टाकली.

उघडली.

आख्ख्या तालुक्याला शहाणपण शिकवलंस, नंबर प्लेट कोड ठेवणाऱ्यांची टिंगल केलीस, आणि स्वतःच्या गाडीचा कोड जन्मात बदलला नाहीस. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मी भर दुपारी रस्त्यावर मोठमोठ्याने हसले. सनाही हसायला लागली. मग ती हसताहसता रडायला लागली. मी तिला पाणी दिलं आणि पुढचं काम करायला लावलं. जुने सगळे पुसले, तुझा रिमोट एकटा पुन्हा जोडला. नवा कोड तिने माझ्याकडे पाठ करून टाकला. मला विचारावंसंही वाटलं नाही.

ती वेळेवर रुजू झाली. पहिल्याच आठवड्यात एका बाईची सुटका केली, मुलगी झाली. तुला हे सांगणारं दुसरं कोणी असेल नसेल, म्हणून मी सांगते.

गिरजाबाईला तिचा रिमोट परत दिला. आता तो कशालाच लागत नाही, हे समजावून दिलं. तिला समजलं. तुझा बिस्किटाचा डबा अजून माझ्या काउंटरखाली आहे. सना नेत नाही आणि मला टाकायला अजून वेळ झालेला नाही.

आज दुपार कलली तेव्हा मी काउंटरवर होते. खांबाजवळची जागा रिकामी होती. आता लोक तिथे पुन्हा गाड्या लावतात, पण आज कोणी लावली नव्हती. समोर गिरजाबाईने चंचीत हात घातला. मला दिसलं. काही वाजलं नाही. ती शेडकडे पाहत राहिली. बसने स्टँडातून वळण घेतलं होतं, तरी ती उठेना.

एका गिऱ्हाइकाची स्कूटी दाराशी उभी होती, चावी चालू. मी हात लांबवला आणि तिचा हॉर्न दोनदा वाजवला.

"ताई, कोनाले हाका मारून राहिल्या?" गिऱ्हाईक म्हणालं.

"कोनाले नाई. हॉर्न पाहून राहिली. ठीक हाय तुमचा."

गिरजाबाईने टोपली उचलली आणि इकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहतच होते. पण रशीद, तुझ्यासारखं हसायचं मला काही जमलं नाही. उद्या पाहू.